श्वासाची जबाबदारी कोणाची?

१८९२ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या हॅम्बर्ग शहरात कॉलरा शिरला आणि काही आठवड्यांत साडेआठ हजारांच्या आसपास माणसं गेली. हॅम्बर्गला खेटूनच आल्टोना नावाचं दुसरं शहर होतं. दोन्ही शहरांच्या हद्दी अशा चिकटलेल्या की काही ठिकाणी रस्त्याच्या एका बाजूची घरं हॅम्बर्गची आणि समोरची आल्टोनाची. माती तीच, घरं तशीच, माणसंही त्याच थरातली. तरी हॅम्बर्गच्या बाजूला साथ थैमान घालत होती आणि समोरची बाजू जवळजवळ सुटली होती. खरं तर आल्टोना एल्ब नदीच्या खालच्या अंगाला होतं, म्हणजे हॅम्बर्गचं सांडपाणी मिसळल्यानंतरचं पाणी त्याच्या वाट्याला येई. पण ते पाणी वाळूच्या थरांतून गाळून मगच नळांत सोडलं जाई. हॅम्बर्गमध्ये नदीचं पाणी न गाळताच पुरवलं जात होतं. खर्चावरून तिथे गाळणीचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं होतं, आणि नगराच्या कारभारात घरमालकांचं वजन मोठं होतं. इतकी माणसं मेल्यावर मात्र पुढच्याच वर्षी गाळणी सुरू झाली.

आल्टोनातल्या लोकांनी जीव वाचवण्यासाठी वेगळं असं काहीच केलं नव्हतं. ते जास्त जागरूक नव्हते, जास्त श्रीमंत नव्हते, त्यांची घरं मोठी नव्हती. त्यांच्या नळाला येणारं पाणी आधीच कोणीतरी गाळलेलं होतं, एवढाच फरक. महामारीमुळे घरं, कामाच्या जागा आणि रोजचं जगणं कसं बदलेल याची चर्चा निघते तेव्हा मला हा फरक आठवतो, कारण २०२० पासूनची आपली बरीचशी चर्चा नेमकी याच्या उलट दिशेने गेली.

आपण बोललो ते घरातल्या कामाच्या वेगळ्या खोलीबद्दल, गॅलरीबद्दल, शहर सोडून मोकळ्या जागी राहायला जाण्याबद्दल, ओस पडणाऱ्या ऑफिसांबद्दल. त्यातलं काही खरंही झालं. पण हे सगळे बदल प्रत्येकाने आपापल्या खिशाकडे बघून केले. ज्याला एक खोली वाढवता आली त्याने ती वाढवली, ज्याला लांब राहायला जाता आलं तो गेला. ज्याला यातलं काहीच जमण्यासारखं नव्हतं, त्याच्या आयुष्यात महामारीने काय सुधारलं? बंद जागेत सगळ्यांच्या वाट्याला सारखीच येणारी गोष्ट म्हणजे हवा, आणि तिच्याबद्दलचे नियम बहुतेक ठिकाणी होते तसेच राहिले. माझं म्हणणं असं आहे की कॉलऱ्यानंतर जसं शुद्ध पाणी ही सार्वजनिक जबाबदारी झाली, तशी बंद जागेतली शुद्ध हवा आता व्हायला हवी. ते झालं नाही, तर पुढच्या महामारीला हीच घरं, हेच वर्ग आणि हेच कारखाने आयते सापडतील.

रोग कसा पसरतो याची समज चुकली की बांधकामही चुकतं, याचा एक दाखला मुंबईच्या इतिहासात आहे. १८९६ मध्ये तिथे प्लेग आला. रोगाचं मूळ दाटीच्या वस्त्यांतल्या घाणीत आणि कोंदट हवेत आहे, असं तेव्हाच्या राज्यकर्त्यांना वाटत होतं. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्रावरचा वारा आतपर्यंत यावा म्हणून दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले गेले, आरोग्याला घातक ठरवलेल्या इमारती पाडल्या गेल्या. त्याच १८९८ साली पॉल-लुई सिमाँ हा फ्रेंच डॉक्टर सांगत होता की प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून माणसाकडे येतो. त्याचं म्हणणं मान्य व्हायला पुढे बरीच वर्षं गेली. शहराला चांगले रस्ते मिळाले, पुढे उत्तरेकडे आखीव उपनगरंही उभी राहिली. पण ज्यांची घरं पाडली गेली त्यांच्यातल्या अनेकांना नव्या जागेचं भाडं परवडलं नाही, आणि ते आधीच भरलेल्या शेजारच्या वस्त्यांत जाऊन आणखी दाटीत राहू लागले. सुधारणेचा खर्च ज्यांच्या डोक्यावर पडला त्यांच्या पदरात तिचा फायदा फारसा पडला नाही.

गंमत अशी की तेव्हा हवेवर नको इतका भर होता आणि नंतर तो पार नाहीसा झाला. जंतूंचा शोध लागला, पाण्यातून आणि स्पर्शातून पसरणारे रोग समजले, आणि १९१० मध्ये चार्ल्स चॅपिन या अमेरिकी आरोग्य अधिकाऱ्याने मांडलं की हवेतून संसर्ग होण्याची भीती बहुतांशी निराधार आहे. दूषित हवेच्या जुन्या समजुतीतून लोकांना बाहेर काढायचं, तर हे ठामपणे सांगणं त्याला गरजेचं वाटलं असावं. पण या ठामपणाची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. विल्यम आणि मिल्ड्रेड वेल्स या दांपत्याने फिलाडेल्फियाच्या परिसरातल्या शाळांत, वर्गाच्या वरच्या भागातली हवा अतिनील दिव्यांनी निर्जंतुक करण्याचा प्रयोग केला. १९४१ च्या गोवराच्या साथीत अशा वर्गांतल्या मुलांमध्ये लागण कमी झाली. हे काम क्षयरोगाच्या अभ्यासकांपलीकडे फारसं पोचलं नाही.

म्हणूनच २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड हवेतून पसरत नाही असं ठासून जाहीर केलं. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून हवेतून होणाऱ्या प्रसाराकडे लक्ष द्या असं सांगितलं, तरी संघटनेने स्पष्ट शब्दांत ते मान्य करायला पुढचं वर्ष उजाडलं. दरम्यान जगभर माणसं दारांच्या कड्या पुसत होती, सामानाच्या पिशव्या धूत होती, रस्त्यांवर जंतुनाशकाचे फवारे मारले जात होते, टेबलांमध्ये प्लास्टिकचे पडदे उभे राहत होते. खिडक्या मात्र बंदच होत्या. ही माणसं मूर्ख नव्हती. त्यांना जे सांगितलं गेलं ते त्यांनी प्रामाणिकपणे केलं, आणि त्यातली कितीतरी मेहनत चुकीच्या जागी गेली. मला या गोष्टीचा आजही राग येतो.

त्याच मार्चमधली दक्षिण कोरियाची एक नोंद इथे सांगण्यासारखी आहे. सोलमधल्या एका उंच इमारतीच्या अकराव्या मजल्यावर कॉल सेंटर होतं. तिथल्या २१६ कर्मचाऱ्यांपैकी ९४ जणांना लागण झाली, आणि त्यातले बहुतेक मजल्याच्या एकाच बाजूला बसणारे होते. इमारतीतले बाकीचे लोक त्याच लिफ्टने जात-येत होते, खालच्या त्याच दालनातून ये-जा करत होते, तरी इतर मजल्यांवर साथ जवळजवळ पसरलीच नाही. लिफ्टच्या बटणाला शेकडो बोटं लागली असतील. पण रोगी केलं ते एकाच बंद जागेत, सतत बोलत, तासन्‌तास एकमेकांची हवा घेत बसण्याने. जपानने याच सुमाराला आपल्या नागरिकांना बंद जागा, गर्दी आणि जवळून बोलणं या तीन गोष्टी एकत्र येऊ देऊ नका असं सांगायला सुरुवात केली होती. मला तो सल्ला त्या काळातला सर्वांत शहाणा वाटतो.

एखाद्या खोलीतली हवा किती शिळी आहे हे मोजता येतं, आणि ते अवघड नाही. बाहेरच्या हवेत दहा लाख भागांत साधारण ४२० भाग कार्बन डायऑक्साइड असतो. आपण सोडलेल्या श्वासात तो ४०,००० च्या आसपास असतो. म्हणजे खोलीतलं प्रमाण ८०० वर गेलं, तर तिथल्या हवेचा शंभरावा हिस्सा आधीच कुणाच्या तरी फुप्फुसांतून फिरून आलेला आहे. २००० वर गेलं, तर पंचविसावा. खिडक्या लावून घेतलेल्या, मुलांनी भरलेल्या वर्गात हा आकडा गाठायला फार वेळ लागत नाही. असं पाणी आपण कोणाला प्यायला दिलं असतं का? म्युनिकच्या मॅक्स फॉन पेटेनकोफर या आरोग्यशास्त्रज्ञाने १८५८ मध्येच खोलीतल्या हवेसाठी १००० ची मर्यादा सुचवली होती. (हाच पेटेनकोफर कॉलऱ्याच्या जंतूबद्दल साफ चुकला, इतका की १८९२ मध्ये जंतूंचं द्रावण पिऊन त्याने आपलं म्हणणं सिद्ध करायचा प्रयत्न केला. हवेबद्दल मात्र तो योग्य होता.) जपानने १९७० च्या कायद्याने मोठ्या इमारतींना तीच मर्यादा लागू केली आणि नियमित मोजणी बंधनकारक केली. हे अशक्य आहे असं म्हणणाऱ्यांना पन्नास वर्षांहून जुनं उत्तर उपलब्ध आहे.

आपल्या आजच्या इमारती अशा का झाल्या, याचं एक कारण तेल आहे. १९७३ मध्ये तेलाच्या किमती भडकल्या आणि ऊर्जा वाचवायची म्हणून इमारती घट्ट बंद करण्याकडे कल झाला. अमेरिकेतल्या वायुवीजनाच्या मानकात माणशी लागणाऱ्या ताज्या हवेचं किमान प्रमाण कमी केलं गेलं. पुढे माणसं ऑफिसात डोकेदुखी, थकवा, डोळ्यांची जळजळ अशा तक्रारी करू लागली, तेव्हा १९८९ मध्ये ते पुन्हा वाढवावं लागलं. आता उकाडा वाढतो आहे, आणि घराघरांत भिंतीवरचा एसी येतो आहे. हा एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा गार करून पुन्हा फिरवतो, हे कितीतरी लोकांना माहीत नसतं. गारव्याला ताजेपणा समजून आपण दारं-खिडक्या आणखी घट्ट लावून घेतो.

घरांकडे वळताना एक गैरसमज आधी दूर करायला हवा. साथ आली की दोष दाट शहरांना दिला जातो. पण शहराची दाटी वेगळी आणि खोलीतली दाटी वेगळी. हाँगकाँग आणि सोल ही जगातली अत्यंत दाट शहरं, तरी कोविडच्या पहिल्या वर्षात तिथले मृत्यू युरोप-अमेरिकेतल्या अनेक विरळ भागांपेक्षा कितीतरी कमी होते. धोका असतो तो एका खोलीत किती माणसं झोपतात, आजारी माणसाला वेगळं निजवता येतं का, संडास किती घरांत मिळून एक आहे, यात. सिंगापूरसारख्या सुबक शहरात हे उघडं पडलं. तिथे परदेशी कामगार वसतिगृहांत राहत, एकेका खोलीत बारा ते वीस जण. २०२० संपताना, अशा सुमारे ३,२३,००० कामगारांपैकी ४७ टक्क्यांना संसर्ग होऊन गेल्याचं सरकारने जाहीर केलं. त्याच शहरातल्या बाकीच्या रहिवाशांमध्ये लागण अगदी थोडी होती. पुढे नव्या वसतिगृहांत एका खोलीत जास्तीत जास्त बारा माणसं असा नियम आला. बारा! पण निदान नियम आला, आणि तो मोजता येतो.

घराच्या आतल्या रचनेतही न दिसणारे धोके असतात. २००३ च्या सार्सच्या साथीत हाँगकाँगमधल्या अ‍ॅमॉय गार्डन्स या वसाहतीत तीनशेहून अधिक लोकांना लागण झाली आणि ४२ जण दगावले. तपासात संशयाची सुई न्हाणीघरातल्या जमिनीवरच्या मोरीकडे वळली. मोरीखालच्या वाकड्या नळीत थोडं पाणी साचून राहिलं पाहिजे, म्हणजे सांडपाण्याच्या पाइपातली हवा वर येत नाही. वापर नसल्याने त्या नळ्यांतलं पाणी आटलं होतं, आणि बाहेर हवा खेचणारे पंखे लावले की पाइपातले दूषित कण घरात ओढले जात. वरच्या-खालच्या मजल्यांवरची कुटुंबं एकमेकांना कधी भेटलीही नसतील. पाइप त्यांच्यात सामाईक होता. घर घेताना लोक गॅलरीतून काय दिसतं ते बघतात. समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या आहेत का, न्हाणीघराला बाहेरची हवा आहे का, हे कोणी विचारत नाही. आणि विचारूनही उपयोग काय? मिळेल त्या भाड्यात मिळेल ती खोली घेणाऱ्याला निवड नसते. म्हणूनच हे बांधकामाच्या नियमांत असायला हवं. खरेदीदाराच्या चोखंदळपणावर सोडून चालणार नाही.

कामाच्या बाबतीत घरून काम या कल्पनेने सगळं बोलणं व्यापून टाकलं. २०२० मध्ये शिकागोच्या दोन अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला की अमेरिकेतली फार तर ३७ टक्के कामं पूर्णपणे घरून होऊ शकतात, आणि गरीब देशांत हे प्रमाण आणखी कमी आहे. उरलेल्यांचं काय? परिचारिका, ड्रायव्हर, शिलाई कामगार, सफाई कामगार, दुकानात उभे राहणारे, वर्गात शिकवणारे यांना कामाच्या जागी जावंच लागतं. महामारीनंतरच्या कामाच्या भवितव्यावरची जी चर्चा लॅपटॉपपाशी संपते ती निम्म्याहून अधिक माणसांना वगळून केलेली असते.

ज्यांना घरून काम करता आलं त्यांच्याकडूनही नकळत बरंच काही घेतलं गेलं. जागा त्यांची, वीज त्यांची, खुर्ची त्यांची, आणि कामाची वेळ संपल्यावर येणारे फोनही त्यांचेच. घरात एकच टेबल असेल तर ते कोणाला मिळालं आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून कोणाला काम करावं लागलं, हे बहुतेक घरांतल्या बायका सांगतील. पोर्तुगालने २०२१ च्या अखेरीस कायदा बदलला. घरून काम करणाऱ्याचा वीज आणि इंटरनेटचा वाढीव खर्च मालकाने द्यायचा, आणि कामाच्या वेळेबाहेर त्याला त्रास द्यायचा नाही. असे कायदे मला गॅलरीच्या फॅशनपेक्षा कितीतरी मोलाचे वाटतात, कारण ते मागण्याची ताकद नसलेल्या माणसालाही लागू होतात.

रोजच्या जगण्यातली सर्वांत साधी सुधारणा म्हणजे आजारी माणसाला घरी राहता येणं. पगारी आजारपणाची रजा नसेल तर ताप अंगात घेऊन माणूस कामावर येतो आणि त्याच्या शेजारचे पाच जण आजारी पडतात. त्याला बेजबाबदार म्हणणं सोपं आहे, पण दिवसाची मजुरी बुडाली तर चूल कशी पेटेल या चिंतेने तो आलेला असतो. न्यूझीलंडने जुलै २०२१ मध्ये अशी रजा वर्षाला पाच दिवसांवरून दहा दिवसांवर नेली. हवेची स्वच्छता आणि रजेचा हक्क या दोन गोष्टी एकाच उपायाचे भाग आहेत असं मी मानतो. खोलीत रोगाचे कण कमी यावेत यासाठी रजा हवी, आणि जे येतील ते साचू नयेत यासाठी ताजी हवा.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पाणी एका ठिकाणी गाळून नळाने सगळीकडे नेता येतं, हवेला असा नळ नाही. प्रत्येक इमारतीला स्वतःची व्यवस्था करावी लागेल. ते खरंच आहे. पण आगीपासूनच्या सुरक्षेचंही तसंच असतं. बाहेर पडायचा दुसरा जिना प्रत्येक इमारतीत वेगळा बांधावा लागतो, तरी तो असलाच पाहिजे हा नियम आणि त्याची तपासणी सार्वजनिक असते. बेल्जियमने २०२२ मध्ये लोकांसाठी खुल्या असलेल्या बंद जागांतल्या हवेबद्दल स्वतंत्र कायदा केला. अमेरिकेतल्या वायुवीजन अभियंत्यांच्या संघटनेने २०२३ मध्ये संसर्गजन्य कणांसाठी वेगळं मानक काढलं. त्यात साथीच्या काळात वर्गात माणशी सेकंदाला २० लिटर आणि ऑफिसात १५ लिटर स्वच्छ हवा सांगितली आहे. ही हवा बाहेरचीच असली पाहिजे असं नाही. आतलीच हवा चांगल्या गाळणीतून फिरवली किंवा अतिनील दिव्यांनी निर्जंतुक केली तरी ती धरली जाते. जिथे बाहेरची हवाच धुराने भरलेली आहे किंवा उन्हाने भाजून काढते, तिथे खिडकी उघडा हा सल्ला अपुरा आहे, गाळणी लागेलच. (अशा ठिकाणी कार्बन डायऑक्साइडचा आकडा एकटा पुरत नाही, कारण गाळणी तो कमी करत नाही. तपासणाऱ्याला हे माहीत हवं.)

खर्चाचं म्हणाल, तर साधा पंखा आणि चार बाजूंना चार गाळण्या बांधून केलेली पेटी २०२० पासून कितीतरी शाळांनी स्वतः बनवून वापरली आहे. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेत उष्णतेची देवघेव करून वीज वाचवणारी यंत्रंही आहेत. आणि शुद्ध हवेचा फायदा महामारीची वाट पाहत नाही. सर्दी, फ्लू, गोवर, क्षय हे सगळे याच वाटेने येतात, आणि त्यांच्यामुळे बुडणारे कामाचे आणि शाळेचे दिवस दरवर्षीच बुडतात.

सध्या चाललंय ते असं की ज्यांना परवडतं ते घरासाठी हवा शुद्ध करणारं यंत्र विकत घेतात, काही बड्या कंपन्या आपल्या ऑफिसात तशी सोय करून त्याची जाहिरातही करतात, आणि बाकीचे नशिबावर राहतात. हा क्रम उलटा करायला हवा. सुरुवात अशा इमारतींपासून व्हावी जिथून माणूस मनाला येईल तेव्हा उठून जाऊ शकत नाही. शाळांचे वर्ग, वृद्धाश्रम, तुरुंग, कामगारांची वसतिगृहं, कारखान्यांची दालनं, रुग्णालयातल्या प्रतीक्षेच्या खोल्या. तिथे आधी मोजणी व्हावी आणि आकडा दारावर, सगळ्यांना वाचता येईल असा लागावा. ठरलेल्या मुदतीत हवा सुधारली नाही तर दंड इमारतीच्या मालकाला व्हावा, आणि मालक सरकारच असेल तर तेवढी तरतूद अर्थसंकल्पात त्याच वर्षी दिसावी.